चहाच्या पुड्यातलं झाड

हे पुस्तक फुकट मिळालेल्या वस्तूंविषयी आहे. चहाचा पुडा, कॉफीची पिशवी, मांसाच्या अर्काची बरणी, सकाळच्या न्याहारीचा सीरिअलचा खोका, यांच्याबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात पडलेली छोटी चित्रकार्डं हा त्याचा विषय. ती किराणा सामानाच्या पिशवीतून घरात आली आणि मुलांच्या खिशांत, दप्तरांत, बुटांच्या रिकाम्या खोक्यांत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोप-अमेरिकेतल्या असंख्य घरांत हे चाललं. तरी त्या घरांचा इतिहास लिहिताना या कार्डांकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची नोंद ठेवायची सवय माणसाला नसते.

माझी सुरुवात एका झाडापासून झाली. माझी आत्या १९६५ साली परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली. महिन्या-दीड महिन्यानं तिचं पाकीट साताऱ्याला यायचं, आणि पत्राच्या घडीत पुष्कळदा एखादं कार्ड असायचं. दोन बोटं रुंद, जेमतेम तर्जनीएवढं लांब. ब्रुक बाँड चहाच्या पुड्यात ते निघायचं. १९६६ साली त्या कंपनीनं ब्रिटनमधल्या झाडांचा पन्नास कार्डांचा संच काढला होता. त्यातली सदतीस कार्डं अशी पत्रांतून आमच्या घरी पोचली. त्यात हॉर्स चेस्टनटचं एक कार्ड आहे. पाठीवरच्या छापील मजकुराच्या कडेला आत्यानं पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले आहेत: 'आमच्या गल्लीत'.

ती गल्ली मी कधी पाहिली नाही. पण ती कशी असेल याचं चित्र मी लहानपणी त्या एका कार्डावरून मनात रंगवलं. पुढे संग्राहकांच्या जगात वावरू लागलो तेव्हा कळलं, की बाजाराच्या लेखी हे कार्ड खराब आहे. त्यावर लिहिलेलं आहे, एक कोपरा दुमडलेला आहे, आणि वरच्या बाजूला टाचणीचं भोक आहे. शिवाय संच अपुरा. हा निकाल मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

आधी हा प्रकार सुरू कसा झाला ते पाहू. किराणा माल पूर्वी सुटा विकला जाई. चहा, साखर, कॉफीच्या बिया दुकानदार पोत्यातून किंवा डब्यातून काढायचा, तागडीत तोलायचा आणि कागदात बांधून द्यायचा. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या दुकानदारावर असे. माल कुठून आला याच्याशी त्याला कर्तव्य नसे. कारखान्यात भरलेला, नाव छापलेला पुडा आला तेव्हा हा विश्वास दुकानदाराकडून कंपनीकडे वळवायचा होता. पुडा महाग पडे आणि आतला माल हाताळून पाहता येत नसे. मग गिऱ्हाइकानं तो का घ्यावा, या प्रश्नाची जी अनेक उत्तरं कंपन्यांनी शोधली, त्यांपैकी एक म्हणजे आतलं चित्र.

अमेरिकेत आरबकल बंधूंनी हे लवकर ओळखलं. तिथे लोक कॉफीच्या हिरव्या बिया आणून घरी भाजत. आरबकल यांनी भाजलेल्या बियांवर अंडं आणि साखर यांचं पातळ आवरण चढवलं, म्हणजे वास टिकतो, आणि १८७३ पासून 'अरिओसा' या नावानं पिशवीबंद कॉफी बाजारात आणली. पिशवीत पेपरमिंटची कांडी असायची. १८८९ च्या सुमारास त्यांची रंगीत कार्डं आली: अमेरिकेतल्या राज्यांचे नकाशे, प्राणी, देशोदेशींचे देखावे. पश्चिमेकडच्या एकाकी वस्त्यांत, जिथे शाळा असली तर एका खोलीची, तिथे कॉफीच्या पिशवीतून भूगोल पोचला. जर्मनीत कोलोनच्या स्टोलवेर्क कंपनीनं चॉकलेटबरोबर चित्रं दिली आणि ती चिकटवायला वह्याही काढल्या. सिगारेटच्या पाकिटातल्या कार्डाला एक कामही होतं: मऊ पाकीट चेपू नये म्हणून आधाराला पुठ्ठा लागे, त्यावरच चित्र छापलं गेलं. चहा-कॉफीच्या कार्डाला असं काही काम नव्हतं. ते फक्त बघण्यासाठी होतं, आणि घरातल्या मुलानं आईला तोच पुडा आणायला लावावा यासाठी होतं.

या सगळ्यांत थोरला घराणेदार प्रकार म्हणजे लीबिगची कार्डं. युस्टुस फॉन लीबिग हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ. मांसाचा अर्क काढायची रीत त्यांनी मांडली होती, पण युरोपात मांस महाग असल्यानं ती परवडण्यासारखी नव्हती. दक्षिण अमेरिकेत उलट परिस्थिती होती. तिथे कातड्यासाठी आणि चरबीसाठी गुरं मारत आणि मांसाला गिऱ्हाईक नसे. गेओर्ग गीबर्ट या अभियंत्यानं हे दोन धागे जोडले, आणि उरुग्वेमध्ये नदीकाठच्या फ्राय बेंटोस गावी कारखाना उभा राहिला. १८६५ मध्ये लंडनला लीबिगची कंपनी स्थापन झाली. २०१५ साली युनेस्कोनं या कारखान्याचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

या कंपनीनं १८७० च्या दशकापासून १९७५ पर्यंत, म्हणजे शंभरेक वर्षं, कार्डं काढली. संच बहुधा सहा कार्डांचा. असे अठराशेच्या वर संच निघाले, तेही फ्रेंच, जर्मन, इटालियन, डच अशा अनेक भाषांत. विषय मोजता येणार नाहीत: ऑपेरातले प्रसंग, किल्ले, फुलपाखरं, पूल, शास्त्रज्ञ, लग्नाच्या चालीरीती. जुनी कार्डं शिळाछापाची आहेत. बव्हेरियातल्या चुनखडीच्या गुळगुळीत फरशीवर चित्र काढायचं, प्रत्येक रंगाला वेगळी फरशी, आणि एकच कागद दहा-बारा वेळा दाबाखाली घालायचा. प्रत्येक वेळी तो केसभरही सरकता कामा नये. भिंगाखाली असं कार्ड धरलं, की एखाद्या गालाच्या गुलाबी रंगात हातानं टाकलेले बारीक ठिपके दिसतात. आजच्या छपाईतल्यासारखी ठिपक्यांची सरळ रांग तिथे नसते. जिथे सावली हवी तिथे कारागिराचा हात दाट झालेला आहे.

मराठी वाचकाला हे तंत्र परकं नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तेव्हा तिथल्या लक्ष्मी-सरस्वती याच रीतीनं, अशाच शिळांवर, जर्मन तंत्रज्ञांच्या देखरेखीखाली छापल्या गेल्या. आपल्या आजीच्या देव्हाऱ्यातली तसबीर आणि ब्रसेल्समधल्या एखाद्या आजीच्या सूपाच्या अर्काबरोबर आलेलं कार्ड, दोन्हींची जननी ती फरशीच. देवाचं चित्र म्हणून आपण तसबीर जपली, तिला काच आणि चौकट केली. त्या कार्डाच्या वाट्याला खिसा आला.

आता ब्रुक बाँडकडे येतो, कारण या पुस्तकाचा मोठा भाग तिच्या कार्डांवर आहे आणि आपल्या स्वयंपाकघराशी तिचं थेट नातं आहे. आर्थर ब्रुक या तरुणानं १८६९ मध्ये मँचेस्टरला चहाचं दुकान उघडलं. 'बाँड' नावाचा भागीदार कधीच नव्हता. नाव कानाला भारदस्त वाटावं म्हणून ते जोडलं. १९०३ मध्ये याच कंपनीचा रेड लेबल चहा भारतात आला. आपल्याकडे आजही सकाळी जो पुडा कात्रीनं कापला जातो त्यावर त्या दुकानाचं नाव आहे. ब्रिटनमध्ये मात्र या नावाबरोबर आणखी एक आठवण निघते, ती कार्डांची.

त्यामागे युद्धाची सावली आहे. ब्रिटनमध्ये सिगारेटची कार्डं १९४० साली कागदाच्या टंचाईमुळे बंद झाली. त्याच वर्षी जुलैपासून चहावर रेशन आलं: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. हे रेशन ऑक्टोबर १९५२ पर्यंत चाललं, आणि उरलंसुरलं सगळं रेशनिंग जुलै १९५४ मध्ये संपलं. रेशनच्या काळात कंपन्यांना गिऱ्हाईक ओढण्याची गरज नव्हती. कुणाला किती मिळणार हे सरकार ठरवत होतं. बंधन सुटलं आणि पुडे पुन्हा एकमेकांशी स्पर्धा करू लागले. ब्रुक बाँडनं १९५४ मध्येच ब्रिटिश पक्ष्यांचा वीस कार्डांचा पहिला संच काढला. त्यासाठी फ्रान्सिस पिट या निसर्गअभ्यासक बाईंना घेतलं. पुढच्या वर्षी रानफुलं आली आणि संच पन्नास कार्डांचा झाला. त्यानंतर १९९९ पर्यंत, पंचेचाळीस वर्षं, चहाच्या पुड्यातून काही ना काही निघत राहिलं.

विषयांची नुसती यादी वाचली तरी त्या काळाची नाडी हाताला लागते. १९५६ मध्ये 'अवकाशात' नेणारा संच आला तेव्हा स्पुटनिक आकाशात जायला अजून वर्षभर अवकाश होता. मुलांनी ग्रहतारे वहीत चिकटवले, आणि ४ ऑक्टोबर १९५७ नंतर त्यांना ती वही पुन्हा उघडावीशी वाटली असेल. १९७१ च्या संचाचं नाव 'अवकाशातली शर्यत' असं होतं, कारण मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला होता. १९६१ मध्ये आफ्रिकेतले वन्यप्राणी, १९६२ मध्ये आशियातले. १९७८ मध्ये मात्र विषय होता 'नाहीसे होत चाललेले वन्यप्राणी'. वन्यप्राण्यांना एका विशेषणाची भर पडली होती. एखाद्या अहवालातून जे कळायला वेळ लागतो, ते इथे किराणा मालाच्या पिशवीतून सात वर्षांच्या मुलापर्यंत गेलं.

चित्रकारांमध्ये चार्ल्स टनिक्लिफ यांचं नाव आदरानं घ्यायला हवं. १९०१ चा जन्म, शेतकरी घरातला मुलगा. १९४७ पासून ते वेल्समधल्या अँगलसी बेटावर खाडीकाठच्या घरात राहिले आणि १९७९ मध्ये तिथेच गेले. ब्रुक बाँडसाठी त्यांनी १९५७ चे पक्षी काढले, नंतर उष्ण प्रदेशातले पक्षी, आफ्रिका आणि आशियातले प्राणी, १९६५ चे ब्रिटनमधले रानपक्षी. त्यांची काम करायची पद्धत बघण्यासारखी आहे. मेलेला पक्षी कुणी आणून दिला, की ते त्याची मापं घेऊन पूर्ण आकाराचं चित्र काढत: पंख उलगडून, एकेक पीस मोजून, चोचीचा आणि पायाचा रंग तो फिका पडायच्या आत टिपून. अशा चित्रांचा मोठा साठा त्यांच्या मृत्यूनंतर अँगलसीनं विकत घेतला आणि तो तिथल्या संग्रहालयात आहे. या अभ्यासातून आलेला पक्षी शेवटी अडुसष्ट मिलिमीटर लांबीच्या कार्डावर उतरायचा, चहाच्या पुड्यात पडायचा आणि फुकट जायचा. फुकट जाणाऱ्या चित्रासाठी एवढं कशाला करायचं, असं त्यांना वाटलं नाही. म्हणूनच त्यांच्या कार्डावरचं पाखरू फांदीवर वजन टाकून बसलेलं दिसतं.

आता संच पुरा कसा व्हायचा ते पाहू. इथे थोडं गणित मांडतो, कारण या छंदाचं मर्म त्यात आहे. पन्नास कार्डं सारख्या प्रमाणात पुड्यांत टाकली आहेत आणि आत काय निघेल ते आधी कळत नाही, असं धरलं, तर पन्नासही मिळायला सरासरी सव्वादोनशे पुडे लागतात. त्यांतली पहिली चाळीस कार्डं साधारण एकोणऐंशी पुड्यांत होतात. उरलेल्या दहांना जवळजवळ एकशे सेहेचाळीस पुडे! आणि अगदी शेवटच्या एका कार्डाला सरासरी पन्नास. चौघांच्या घरात आठवड्याला पाव पौंडाचे दोन पुडे लागले, तरी हे सव्वादोनशे पुडे संपवायला दोन वर्षांहून जास्त जातात. तोवर कंपनी बहुधा नवा संच काढून मोकळी व्हायची.

म्हणजे एका घराला एकट्यानं संच पुरा करणं जवळपास अशक्य होतं. डबल आलेली कार्डं घेऊन मुलाला बाहेर पडावंच लागे. शाळेच्या मैदानावर, गल्लीच्या तोंडाशी, चुलतभावाच्या घरी. तुझा ससाणा दे, माझी दोन घुबडं घे. जी वस्तू एका गल्लीत दुर्मीळ, ती शेजारच्या गल्लीत ढिगानं असू शकते, हे त्या मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. चहा न पिणाऱ्या शेजारीणबाई आणि खूप चहा पिणारे आजोबा यांची किंमत वेगवेगळी असते, हेही त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे काडेपेटीचे छाप जमवणाऱ्या, डबल छाप देऊन नवा मिळवणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. पुरा संच हा एका मुलाच्या नावावर असला, तरी तो जमवलेला असतो आख्ख्या आळीनं.

म्हणूनच बाजार या कार्डांची जी प्रतवारी लावतो ती मला खटकते. कोरं, कडक कोपऱ्यांचं, वहीत न चिकटवलेलं कार्ड सर्वोत्तम. चिकटवलं की किंमत घसरते. पेन्सिलीची खूण असली की आणखी घसरते. अमेरिकेतल्या पोस्ट कंपनीनं १९६१ ते १९६३ या वर्षांत बेसबॉलपटूंची कार्डं सीरिअलच्या खोक्याच्या पाठीवरच छापली. ती कात्रीनं कापून घ्यायची होती. जे सीरिअल मुलांना आवडत नव्हतं त्याचे खोके कमी खपले, म्हणून त्यावरचे खेळाडू आज दुर्मीळ आहेत. चवीनं इथे दुर्मिळता ठरवली! पण माझं लक्ष जातं ते कापलेल्या कडेकडे. आठ वर्षांच्या मुलाच्या हातातली कात्री कोपऱ्यापाशी वळताना डगमगली आहे, चौकटीची काळी रेघ एका बाजूला राहिली आणि दुसऱ्या बाजूला गेली आहे. बाजार म्हणतो, कड वाकडी. मला तिथे जीभ किंचित बाहेर काढून, श्वास रोखून कापणारं मूल दिसतं. केलॉग्जनं १९७० पासून जी त्रिमितीय कार्डं दिली त्यांवर रेषारेषांचं प्लास्टिक असे. ते कालांतरानं आक्रसतं, कार्ड धनुष्यासारखं वाकतं, आणि सरळ करायला गेलं की तडकतं. अशा तडकलेल्या प्रत्येक कार्डामागे ते सरळ करू पाहणारा कुणीतरी आहे.

बारकाव्यांना माझा विरोध नाही. उलट संग्राहकाची नजर बारकाव्यांतच घडते. ब्रुक बाँडच्या बऱ्याच संचांत मूळ कार्डांच्या पाठीवर निळी शाई आहे, नंतरच्या पुनर्मुद्रणांवर काळी. 'अवकाशात' संचाच्या एका छपाईत कार्ड चहा'बरोबर' दिलं असं लिहिलंय, दुसरीत चहाच्या 'पुड्यांत' दिलं असं. पहिली छपाई कितीतरी महाग. असा एका शब्दाचा फरक ओळखणाऱ्यांनीच या कार्डांचा कालक्रम लावला, आणि या पुस्तकातली कोष्टकं त्यांच्या कष्टांवर उभी आहेत. माझं म्हणणं एवढंच, की छापखान्यानं केलेला फरक जर इतक्या प्रेमानं नोंदवायचा, तर घरानं केलेला फरकही नोंदवा.

या बाबतीत मी जेफरसन बर्डिक यांना गुरू मानतो. १९०० साली जन्मलेले हे गृहस्थ अमेरिकेत सिराक्यूजच्या एका विद्युत उपकरणांच्या कारखान्यात नोकरी करत. अमेरिकेतल्या फुकटच्या कार्डांची पद्धतशीर सूची प्रथम त्यांनी केली. सिगारेट, मिठाई, बेकरी, खाद्यपदार्थ यांना वेगवेगळी अक्षरं देऊन त्यांनी जी वर्गवारी लावली, ती संग्राहक आजही वापरतात. १९४७ पासून त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायला सुरुवात केली: तीन लाखांहून अधिक नग. संधिवातानं बोटं आखडली होती, तरी वर्षानुवर्षं म्युझियममध्ये बसून त्यांनी स्वतः ही कार्डं वह्यांमध्ये लावली. डिंकानं चिकटवली! काम जानेवारी १९६३ मध्ये पुरं झालं आणि दोन महिन्यांत ते गेले. एका दुर्मीळ सिगारेट कार्डाला, होनस वॅग्नर या खेळाडूच्या, २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. बर्डिक यांनी आयुष्यभराचा साठा सगळ्यांना बघता यावा म्हणून विनामूल्य दिला. फुकट आलेली वस्तू त्यांनी फुकटच पुढे दिली.

ब्रुक बाँडच्या बहुतेक संचांना आज काही पौंडांपलीकडे भाव नाही, हे नव्या संग्राहकाला आधीच सांगून ठेवतो. लाखो घरांनी ते जपले, म्हणून ते स्वस्त आहेत. हा त्यांचा कमीपणा नव्हे. आपल्यासारख्या दूरच्या, बेताच्या ऐपतीच्या संग्राहकाला हे दार त्यामुळेच उघडं आहे.

प्रेमाच्या भरात एक गोष्ट मात्र झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. या कार्डांनी जग शिकवलं, पण कुणाच्या डोळ्यांनी? लीबिगच्या संचांत भारत येतो तो मंदिरं, हत्ती, राजेरजवाडे यांच्यासह, आणि पुष्कळ कार्डांच्या कोपऱ्यात गोमांसाच्या अर्काची बरणी असतेच. ज्यांचं चित्र काढलं त्यांना काय वाटेल, हा प्रश्नच तिथे उद्भवला नाही. आफ्रिका-आशियाची माणसं त्या काळच्या कार्डांवर बरेचदा शोभेची म्हणून येतात. ब्रुक बाँडच्या मी पाहिलेल्या संचांत पक्षी आहेत, जहाजं आहेत, मोटारी, शोधक, दर्यावर्दी आहेत. आसाममध्ये किंवा केनियात चहाची पानं खुडणारे हात नाहीत. ज्या पुड्यातून सगळं जग बाहेर आलं, त्या पुड्यातला चहा कुठून आला तेवढं आलं नाही. १९६७ मध्ये जगातल्या झेंड्यांचा संच आला आणि त्यात आफ्रिकेतल्या नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांचे झेंडे आले, तेव्हा चित्र जरासं बदललं. या पुस्तकात जिथे अशी कार्डं आहेत तिथे मी ती गाळलेली नाहीत. जसं होतं तसं ठेवून त्याबद्दल बोलणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

१९६८ मध्ये ब्रुक बाँड आणि लीबिग या दोन कंपन्या एकत्र आल्या. दोन चित्रघराणी एका छपराखाली आली खरी, पण तोवर लीबिगची कार्डं संपत आली होती. १९७५ ला ती थांबली. १९८४ मध्ये ब्रुक बाँड युनिलिव्हरकडे गेली आणि १९९९ नंतर चहाच्या पुड्यात चहाच उरला. दूरचित्रवाणीनं मुलांना हलती चित्रं दिली होती, सुपरबाजारात दुकानदाराशी बोलणं संपलं होतं, आणि चहाही टी-बॅगेत शिरला होता.

आपल्याकडेही हा प्रवाह उशिरा का होईना पोचला होता. ऐंशीच्या दशकात बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं आणि धावा मिळायच्या. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाच्या बिस्किटांच्या पुड्यांवर छापलेल्या धावा मुलांनी कापून जमवल्या. घरोघरी बिस्किटं मऊ पडली, पण पुडे फोडायचे थांबले नाहीत. चिप्सच्या पाकिटांत गोल चकत्याही निघाल्या. हे सगळं पंचवीस ते चाळीस वर्षांपूर्वीचं. ते जमवणारी मुलं आज तिशी ते पन्नाशीत आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांची घरं आता आवरली जात आहेत. माळ्यावरचे डबे रद्दीत जायची हीच वेळ आहे. इंग्लंडच्या चहाच्या कार्डांच्या सूच्या आहेत. आपल्या या कागदांची नीट सूची करायचं काम आपल्यालाच करावं लागेल.

म्हणून वाचकाला काही विनंत्या. घर आवरताना जुना बिस्किटाचा डबा, कंपासपेटी, शाळेची वही उघडून पाहा. कार्ड सापडलं तर ते वहीतून उपटू नका. चिकटवलेलं असेल तर वहीसकट ठेवा. सेलोटेप लावू नका, पीव्हीसीच्या चकचकीत पाकिटात घालू नका, त्यातली रसायनं कागदाला खातात. पॉलिएस्टरचं किंवा पॉलिप्रॉपिलिनचं पाकीट घ्या, नाहीतर साधा, आम्ल नसलेला कागद. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात दमटपणा आणि कसर यांच्यापासून सांभाळा. वेखंडाची पुरचुंडी डब्यात ठेवा, पण कागदाला टेकू देऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ते कुणाचं होतं, कुठल्या गावात, कुठल्या दुकानातून आलं, कुणाशी बदललं, हे त्या माणसाला आज विचारून वेगळ्या कागदावर लिहा. कार्डाच्या प्रती जगात हजारो असतील. ही माहिती एकाच माणसाच्या डोक्यात आहे.

आत्याच्या सदतीस कार्डांतली न आलेली तेरा मी आजवर घेतलेली नाहीत. हवी तेव्हा, थोडक्या पैशांत ती मिळतील. या पुस्तकात त्यांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत, कारण त्या तेरा पुड्यांचा चहा तिच्या घरात कधी आला नाही, किंवा ती कार्डं दुसऱ्या कुणाच्या पाकिटातून दुसऱ्या कुठल्या गावी गेली. आमचा संच असाच होता, आणि असाच तो पुरा आहे.

पुढची पानं चित्रांची आहेत. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू छापल्या आहेत. आधी पाठ वाचा, मग चित्र बघा.